ऐंशी दिवस, पाच नट आणि एक हत्ती: व्हर्नची कादंबरी विनोदी नाटक म्हणून करताना

गोदाकाठी (धागाकर्ता)

मागे दुसऱ्या एका धाग्यावर बोलता बोलता लिहून गेलो होतो की आम्ही नाशिकला ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेवर दोन अंकी विनोदी नाटक केलं. त्यावर बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून हा वेगळा धागा. लांबेल, आधीच सांगतो.

प्रथम फुग्याचं बोलून टाकू. ज्याला ज्याला नाटकाबद्दल सांगितलं त्याने हेच विचारलं, "फुगा कसा दाखवणार?" कादंबरीत फुगा नाहीच. तो १९५६ च्या हॉलिवूडच्या सिनेमाने घुसवला आणि मग पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जाऊन बसला. अटलांटिक ओलांडायची पंचाईत होते तिथे व्हर्न फुग्याचं नाव काढतो, पण ते त्याला निकालात काढण्यापुरतंच. आमच्या नेपथ्याचं अंदाजपत्रक बघता त्याचे उपकार आहेत.

लहानपणी संक्षिप्त आवृत्तीत वाचलेलं हे पुस्तक मोठेपणी सलग वाचलं की ते साहसकथेपेक्षा फार्सच्या जास्त जवळचं वाटतं. नायक फिलिआस फॉग नोकराला काढून टाकतो. कारण काय, तर दाढीचं पाणी ८६ अंश फॅरनहाइटऐवजी ८४ होतं. आपल्या हिशेबात तिसाऐवजी एकोणतीस अंश सेल्सियस! नवा नोकर पासपार्तू भटकंतीला कंटाळून, आता कुठेतरी शांतपणे राहू म्हणून नोकरी धरतो, आणि त्याच संध्याकाळी मालक सांगतो की दहा मिनिटांत निघायचंय, पृथ्वीला चक्कर मारायला. निघाल्यावर याला आठवतं, खोलीतली गॅसबत्ती चालूच राहिली. मालक म्हणतो, जळू दे, तुझ्या खर्चाने. पुढे वीस हजार पौंडांची पैज जिंकून, त्यातले एकोणीस हजार प्रवासातच उडवून, उरलेले हजार नोकर आणि गुप्तहेर फिक्स यांच्यात वाटताना फॉग १,९२० तासांच्या गॅसचे पैसे खरोखर कापून घेतो. यातलं अक्षरही माझं नाही.

आमच्या नाटकात ती गॅसबत्ती रंगमंचाच्या कोपऱ्यात पहिल्या प्रवेशात पेटते ती मध्यंतरातही विझत नाही. पासपार्तू हाँगकाँगला असो की योकोहामाला, मधूनच तिच्याकडे बघून बोटांवर हिशेब करतो. संहितेत व्हर्नचे विनोद होते तसे माझेही होते. तालमीत दोन्ही शेजारी शेजारी ऐकले आणि माझे कापत गेलो.

आता मुंबई. व्हर्न भारतात कधी आला नव्हता, पण त्याचा फॉग २० ऑक्टोबर १८७२ ला मुंबईत उतरतो, वेळापत्रकाच्या दोन दिवस आधी. शहर बघायला जात नाही. पासपोर्टवर सही घेतो आणि स्टेशनात जेवायला बसतो. वाढपी ‘जंगली ससा’ आणून ठेवतो. फॉग एक घास खातो आणि विचारतो, "मारताना हा ससा म्याव म्हणाला नाही ना?" दीडशे वर्षांपूर्वीचा विनोद, पण रेल्वेच्या खानपानावर पोसलेल्या आपल्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

तिकडे पासपार्तू मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो. पॅरिसच्या वाचकाला व्हर्नला नियम सांगावा लागला होता. आमच्याकडे नटाने पायरीकडे पाऊल उचललं की सभागृहात चुळबुळ सुरू. पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या एक आजी ओरडल्याच, "अरे बूट काढ, मेल्या!" तेव्हापासून आमचा पासपार्तू पायरीवर पाय अधांतरी धरून थांबतो. कुणीतरी ओरडतंच.

या बुटांचं व्हर्नने पुढे काय केलंय बघा. कलकत्त्याला कोर्टात आपल्याला सतीच्या प्रकरणात (ते पुढे सांगतो) पकडलंय अशी दोघांची समजूत, आणि कारकून टेबलावर ठेवतो मुंबईचे बूट. पासपार्तूच्या तोंडून निघून जातं, "माझे बूट!" झाला गुन्हा शाबीत. न्यायाधीश गडबडीत कारकुनाचा टोप घालून बसलेले, हेही मूळचंच. प्रत्येकी हजार पौंडांच्या जामिनावर सुटल्यावर पासपार्तू म्हणतो, निदान बूट तरी परत द्या, एकेक हजाराला पडलाय, आणि वर चावतोय!

नाशिककरांसाठी खास: फॉगची गाडी रात्री घाट चढून नाशिकवरून जाते. पुस्तकात एका ओळीत. आम्ही तिथे एवढंच केलं (जनरल म्हणजे फॉगबरोबर पत्ते खेळणारा सहप्रवासी):

गार्ड: नाशिक! नाशिक!
जनरल: मिस्टर फॉग, नाशिक आलं.
फॉग: (पत्ते पिसत) वेळेवर?
जनरल: वेळेवर.
फॉग: उतारी तुमची.

कालिदास कलामंदिरात यावर जो हशा आला तो अख्ख्या प्रयोगातला सर्वांत मोठा. पुण्यात हेच शांततेत गेलं.

मग रूळ संपतात. "पण पेपरात तर लाइन पूर्ण झाल्याचं आलं होतं!" "पेपरचं चुकलं." हीही मूळ ओळ, आणि तिच्यावर हसण्याचं कारण प्रत्येक गावात वेगळं होतं.

हत्ती. १८७४ मध्ये पॅरिसच्या पोर्त सां-मार्तां नाट्यगृहात व्हर्न आणि आदॉल्फ देनेरी यांनी याच कादंबरीचं भव्य नाटक केलं तेव्हा रंगमंचावर जिवंत हत्ती आणला होता. आमच्याकडे दोन नट, एक करडी घोंगडी, दोन सुपं आणि वॉशिंग मशीनचा पाइप. रूळ संपल्यावर पुढे जायला हत्ती विकत घेताना फॉग भाव वाढवत नेतो, हजार, बाराशे, पंधराशे, अठराशे, दोन हजार पौंड, आणि प्रत्येक आकड्याला सुपं जराशी हलतात. हत्तीच्या मागच्या पायांतला मुलगा हल्ली सही देतो.

सगळ्यात अवघड काम फॉगचं. आमचा फॉग बँकेत रोखपाल आहे, चेहऱ्याची सुरकुती हलत नाही, म्हणूनच घेतलेला. पण शेजारचा पासपार्तू मिनिटामिनिटाला टाळी घेत असताना सरळ तोंडाने उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. एका प्रयोगात त्याने न राहवून घड्याळ बघताना भुवया उडवल्या. प्रचंड हशा. आणि पुढची वीस मिनिटं नाटक पांगळं झालं, कारण फॉगलाच उशिराची गंमत वाटतेय म्हटल्यावर प्रेक्षकाने काळजी का करावी? मी त्याला काही बोललो नाही. तोच विंगेत येऊन म्हणाला, "बॅलन्स चुकला." आपण विनोदी नाटकात आहोत हे फॉगला कळता कामा नये, घड्याळ त्याला जिवाइतकं खरं वाटलं पाहिजे. माझ्या मते या नाटकाचं दिग्दर्शन म्हणजे एवढीच एक गोष्ट राखणं.

भांडणं झाली ती सतीच्या प्रवेशावरून. बुंदेलखंडातला म्हातारा राजा मेलाय. त्याच्या तरुण विधवेला, आऊदाला, अफू-गांजाच्या धुरात गुंगवून चितेकडे नेतायत. फॉग म्हणतो, माझ्याकडे बारा तास शिल्लक आहेत, तिला वाचवू. जनरल भारावतो, "तुम्हाला काळीज आहे!" फॉग: "कधी कधी. सवड असली की." पुढे पासपार्तू राजाच्या प्रेताच्या जागी झोपतो, चितेवरून उठतो आणि तिला उचलून चालू लागतो, जमाव पालथा. पुस्तकात धमाल आहे. इथे निम्मी मंडळी म्हणाली, प्रवेश काढा. काढला तर आऊदा येणार कुठून? शेवटी असं बसवलं: मिरवणूक येते तेव्हा ढोलकी बंद होते. हसवणारे चौघे प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहतात. तिच्याकडे बघायला फक्त प्रेक्षक उरतो. हे ताणतो, चांगलं अवघडल्यासारखं होईपर्यंत ताणतो. मग ‘राजा’ उठून बसतो आणि कोंडलेला हशा एकदम सुटतो.

एका स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, "रंजक आहे, पण आशय काय?" आमचा फिक्स चटकन म्हणाला, "सर, वेळेवर पोचणे." बक्षीस प्रकाशयोजनेला मिळालं.

बाकी विचारा.

---

विंगेतली

वा, मस्त धागा! मी पूर्वी कपडेपट सांभाळायचे, म्हणून माझा पहिला प्रश्न पोटातला: पाच जणांत हे सगळं कसं? कपडे बदलायला कोण होतं? मराठी प्रेक्षकाला एक नट अनेक भूमिका हे नवीन नाही. ‘तो मी नव्हेच’मध्ये पणशीकरांच्या पाच भूमिका, ‘हसवाफसवी’त प्रभावळकरांच्या सहा. पण तिथे रंगभूषेसकट माणूस बदलायचा आणि ओळखू आला नाही यालाच टाळी असायची. तुमच्याकडे तसं आहे की टोपी बदलली की माणूस बदलला?

---

खानदेशी_खट्याळ

नाशिकवाल्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःपुरतं बघितलं. अहो, नाशिकनंतर गाडी खानदेशात येते की! त्या पठ्ठ्याने काय लिहिलंय वाचा: इंजिनाचा धूर कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिऱ्यांच्या मळ्यांवरून जातो. जायफळ! लवंग! आमच्याकडे कापूस सोडला तर यातलं एकही झाड कुणी बघितलेलं नाही. पारोळ्याचा माझा मामा हे ऐकून म्हणाला, "त्या साहेबाला सांग, पाणी तेवढं घेऊन ये, लवंगाबी लावू."

हे नाटकात घेतलंत की नाही?

---

गोदाकाठी (धागाकर्ता)

@विंगेतली, टोपीवालाच प्रकार. फॉग आणि पासपार्तू ठरलेले, बाकी तिघांत अख्खी पृथ्वी. बदल प्रेक्षकांसमोरच होतात, मागे दोरीवर टोप्या, पगड्या, कोट टांगलेत. एके ठिकाणी फिक्सला स्वतःलाच पकडायला पोलीस म्हणून यावं लागतं, तिथे तो टोपी घालतो-काढतो एवढंच पाच-सहा वेळा होतं. लपवाछपवी केली असती तर सगळा वेळ लोक "हा तोच का?" हे ओळखण्यात घालवतात. नेपथ्य म्हणजे लोखंडी ट्रंका. त्याच बोट, त्याच गाडी, त्याच कोर्ट. साथीला ढोलकी, पेटी आणि एक जण ताट-चमचे घेऊन. गाडीचा आवाज ढोलकीवर इतका हुबेहूब निघतो की ध्वनिमुद्रित आवाज आणलेला पेनड्राइव्ह कुणी उघडलाच नाही.

@खानदेशी_खट्याळ, घेतलंय! पासपार्तू खिडकीतून हात करून म्हणतो, "जायफळाचे मळे!" आणि शेजारचा प्रवासी शांतपणे म्हणतो, "ती तूर आहे." जळगावच्या प्रयोगाला यावर टाळी पडली. पण मामांची ओळ जास्त चांगली आहे. मामांना विचारा, वापरू का?

---

खानदेशी_खट्याळ

मामा म्हणतो वापरा. मानधन म्हणून पास पाठवा, दोन.

---

घाटमाथा

रेल्वेवाला माणूस आहे, त्यामुळे दोन शब्द.

पेपरचं चुकलं नव्हतं, व्हर्नचं ‘चुकलं’ होतं. मुंबईहून गेलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन यांची गाठ जबलपूरला ७ मार्च १८७० लाच पडली होती. म्हणजे फॉग आला तेव्हा सलग रूळ होते. खोल्बी नावाचं गाव आणि तिथे संपणारी लाइन हे सगळं हत्तीसाठी केलेलं. माझी काही तक्रार नाही. सलग लाइन असती तर सगळे आरामात पत्ते खेळत कलकत्त्याला पोचले असते.

दुसरं, घाटाचा प्रवेश तुम्ही एका वाक्यात उडवलात ते वाईट वाटलं. कसाऱ्याचा थळ घाट १८६५ ला सुरू झाला आणि त्या काळी मधे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी चढत एका टोकाला जायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि पुढचा प्रवास उलट्या दिशेने. म्हणजे फॉग पुढे तोंड करून बसला असेल तर अर्ध्या घाटानंतर तो पाठमोरा नाशिकला आला! हे रंगमंचावर करून बघा, पाच ट्रंका आणि पाच माणसं एकदम वळवायची. आणि हल्लीच्या प्रेक्षकांसाठी मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावा. कसारा ते इगतपुरी हा विनोद सगळ्यांना कळतो.

---

गोदाकाठी (धागाकर्ता)

घाटमाथा, हे सोनं आहे. सगळे वळतात आणि फॉग एकटाच वळत नाही, कारण त्याचा डाव चालू आहे. पुढच्या तालमीत बसवतो.

---

चौकट

स्पष्ट लिहिते, राग नसावा.

नटांनी पाठ केली म्हणून सतीच्या प्रवेशाचा प्रश्न मिटत नाही. मूळ गोष्टीत गोरा साहेब सवड मिळाली म्हणून देशी बाईला वाचवतो, बाई शुद्धीवर नसते, आणि नंतर कृतज्ञतेने त्याच्यामागे पृथ्वीभर फिरते. आपण टाळ्या वाजवतो. सतीबंदीचा कायदा १८२९ चा, त्यासाठी राममोहन रॉय किती वर्षं झगडले, हे सगळं गायब. शिवाय ती बाई पारशी! पारशी समाजात सती कुठून आली? व्हर्नला सगळा ‘पूर्व’ एकाच पिशवीत घालायचा होता, तुम्ही ती पिशवी मराठीत उघडलीत. विनोद म्हटलं की सगळं माफ होतं का?

---

तिसरी_घंटा

+१. आणि पुन्हा ‘क्लासिक’ची टिंगल का, हाही प्रश्न आहेच. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला तेव्हा त्यात थरार होता. आता थरार गेला, वॉशिंग मशीनचा पाइप आला.

---

विंगेतली

तिसरी_घंटा, टिंगल कशी? खुद्द लेखकाने दोन वर्षांत त्याचा तमाशा उभा केला होता, हत्ती वगैरे आणून. पॅरिसला चारशेहून जास्त प्रयोग चालला तो. थरार हवा असणारे पुस्तक वाचतातच.

चौकटचा मुद्दा मात्र खरा आहे. धागाकर्ते, उत्तर द्या.

---

गोदाकाठी (धागाकर्ता)

@चौकट, राग कसला. तालमीत हेच भांडण झालं, तुमच्याइतकं नेमकं कुणी मांडलं नाही इतकंच.

पारशी असण्याबद्दल: पुस्तकात ती मुंबईच्या व्यापाऱ्याची मुलगी, आई-वडील गेल्यावर मनाविरुद्ध त्या म्हाताऱ्या राजाशी लग्न लावून दिलेली. आणि चक्क सर जमशेटजी जीजीभॉयांची नातेवाईक! म्हणजे आपल्या जे. जे. हॉस्पिटलवाल्यांची. हे वाक्य आलं की मुंबईत हशा होतोच. तिचं तिथे असणं अशक्य आहे हे मी लपवलं नाही, तिच्याच तोंडी घातलं. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य आहे, "मी पारशी आहे हो. हे मी सगळ्यांना सांगत होते. कुणी ऐकूनच घेईना."

वाचवण्याबद्दल: पुस्तकात हत्ती हाकणारा वाटाड्याही पारशी आहे. तो फॉगला म्हणतो, मी पारशी, तीही पारशी, सांगाल ते करतो. आम्ही हा क्रम उलटा केला. आधी तो निघतो, मग फॉग घड्याळ बघतो. जनरल ब्रिटिश कायद्याची बढाई मारतो तेव्हा हाच माणूस विचारतो, "राममोहन रॉय तुमच्या दारात किती वर्षं उभे होते, साहेब?"

आणि शेवट. हे बहुतेकांना आठवत नाही, कारण संक्षिप्त आवृत्त्यांत ते बारीक होतं. सगळं हरून फॉग घरात बसलेला असताना लग्नाची मागणी आऊदा घालते. ती मागणी घालते म्हणून पासपार्तू दुसऱ्या दिवशीचं लग्न ठरवायला पाद्र्याकडे धावतो, आणि तिथे कळतं की उद्या सोमवार नाही, रविवार आहे, म्हणजे आज शनिवारच आहे आणि पैजेची मुदत अजून संपलेली नाही. ती गप्प राहिली असती तर फॉग पैज हरला होता. व्हर्ननेच तिच्या हाताने फॉगला वाचवलंय. आमच्याकडे सुटकेनंतरचा सगळा हिशेब ती ठेवते, फळ्यावर खडूने. अभिनेत्रीला एकच अट होती, पारशी हेल काढायचा नाही. मराठी रंगमंचावर पारशी आला की ‘डिकरा’ आलाच पाहिजे याचा मला भयंकर कंटाळा आहे.

सगळं माफ होत नाही. अमेरिकेत सू या तिथल्या मूळनिवासी लोकांचा गाडीवर हल्ला आहे, तो मी सरळ काढला. तिथे मला उलटवता येईल असं काही सापडलं नाही. त्याऐवजी बर्फावरून शीड लावलेल्या घसरगाडीचा प्रवास वाढवला. पलंगपोस, पेडेस्टल पंखा आणि थंडीने कुडकुडणारा ढोलकीवाला.

---

चौकट

मागणीचं विसरलेच होते, ते मान्य. वाक्याचा क्रम बदलला तेही आवडलं. पण जंगलातल्या माहुताच्या तोंडी राममोहन रॉय हा लेखकाचा आवाज आहे, त्या माणसाचा नाही.

---

गोदाकाठी (धागाकर्ता)

तो मुंबईचा आहे, पेपर वाचतो. (आणि तुम्हाला माहीतच आहे, पेपरचं चुकतं.)

---

बे_एरियाकर

आमच्या इथल्या मंडळात गणपतीनंतर एक नाटक करायचा विचार आहे. पाच जण, ट्रंका, हत्ती, सगळं बजेटमध्ये बसतंय! हक्कांचं काय? व्हर्नसाठी कुणाला विचारावं लागतं? आणि वेळ किती? इथे अडीच तासांचं नाटक म्हटलं की बेबीसिटरचे पैसे मोजायला लागतात लोक.

---

गोदाकाठी (धागाकर्ता)

व्हर्न १९०५ मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे मूळ फ्रेंच कादंबरी केव्हाच मोकळी झाली. मेख अनुवादात आहे. मराठी अनुवाद समोर ठेवून संवाद उचललेत तर अनुवादकाचे हक्क वेगळे असतात, तिथे परवानगी लागते. मी १८७३ चा टाउलचा इंग्रजी अनुवाद वापरला, तोही मोकळा आहे, आणि शंका आल्या तिथे फ्रेंच शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला छळलं. सिनेमातलं मात्र काही घेऊ नका, त्याचे हक्क जिवंत आहेत. फुगा आठवतोय ना? महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, तुम्हाला तिकडे तो प्रश्न नाही.

वेळ मध्यंतर धरून दोन तासांच्या आत. हाँगकाँग ते सॅन फ्रान्सिस्को मी भराभर उरकलंय, तिथे पुस्तकही थोडं दम खातं. तिकडे करणार असाल तर मात्र आगगाडीतलं मॉर्मन पंथाच्या धर्मोपदेशकाचं प्रवचन ठेवा: डबाभर लोक ऐकायला बसतात, एकेक करून उठून जातात आणि शेवटी फक्त पासपार्तू उरतो. पाच नटांत ‘डबाभर’ लोक कसे उठवायचे ते मी व्यनित सांगतो.

---

तिसरी_घंटा

मी विरोध केला होता, पण एक खरी शंका. फॉग पूर्वेकडे जात राहिला म्हणून त्याला एक दिवस जास्त मिळाला, ठीक. पण सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर बोटीचं, आगगाडीचं वेळापत्रक, वर्तमानपत्र, कशावरच तारीख नव्हती? इतका काटेकोर माणूस न्यूयॉर्कपर्यंत चुकीच्या तारखेने जातो? हे विनोदी नाटकात खपतं का?

---

घाटमाथा

खपू नये खरं तर. आंतरराष्ट्रीय वाररेषा वगैरेचा आधार असलेली, ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य ठरवणारी वॉशिंग्टनची परिषद १८८४ ची, म्हणजे नंतरची. पण वर्तमानपत्रं होतीच. पुस्तकात इशारा दिलाय मात्र. पासपार्तूचं घड्याळ लंडनच्या वेळेवर अडून बसलेलं असतं आणि २३ नोव्हेंबरला पॅसिफिकमध्ये ते बोटीच्या घड्याळाशी अचानक जुळतं. तो खूश होतो की शेवटी सूर्यानेच माघार घेतली. चोवीस तासांची तबकडी असती तर बारा तासांचा फरक दिसला असता.

---

गोदाकाठी (धागाकर्ता)

तिसरी_घंटा, शंका रास्त आहे, आणि माझं उत्तर थोडं लबाडीचं आहे. फळा. आऊदा प्रत्येक सूर्योदयाला खडूने एक रेघ मारते आणि प्रेक्षक तिच्याबरोबर मोजतो. पॅसिफिकच्या प्रवेशात लोक मोठ्याने मोजायला लागतात, पोरं तर ओरडून. रेघा बरोबरच आहेत, कारण तेवढे सूर्योदय या लोकांनी खरंच पाहिले. लंडनने एक कमी पाहिला. शेवटी फळा भरलेला असतो, हरल्याची खात्री सभागृहालाही असते, म्हणून फॉगने वर्तमानपत्र का वाचलं नाही हे विचारायचं कुणाला सुचत नाही. निदान घरी जाईपर्यंत तरी.

घड्याळ जुळल्याचा प्रसंग आम्ही ठेवलाय. पॅरिसच्या ‘ल तां’ दैनिकात ही कादंबरी ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ अशी क्रमशः आली. फॉग क्लबात परततो २१ डिसेंबरला. म्हणजे वाचक आणि फॉग शेवटच्या आठवड्यात जवळजवळ एकाच तारखेत होते. हे कळल्यावर आम्ही एकदा २१ डिसेंबरलाच प्रयोग लावायचं ठरवलं, आणि त्या दिवशी नाट्यगृह आधीच एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलेलं निघालं.

---

तिसरी_घंटा

फळ्याचं पटलं. पाइपाचं अजून नाही.

---

विंगेतली

पाइपाला करडा मोजा चढवा, लांब, लोकरीचा. वळतोही छान आणि दिव्याखाली चकाकत नाही.

---

गोदाकाठी (धागाकर्ता)

मोजा चढवतो. पुढचा प्रयोग ठरला की इथेच कळवतो. मामांचे दोन पास बाजूला ठेवलेत.